पूनम गेटसमोरचे धरणे आणि न उमटणारा अंगठा

प्रश्न — नवीपेठ_दीड_वाजता

नमस्कार. मी सोलापुरात नवी पेठेतील एका खासगी कार्यालयात हिशेबाचे काम करते. मधल्या सुट्टीत डबा खाऊन झाल्यावर अर्धा तास पायी फिरण्याचा माझा दोन वर्षांपासूनचा नेम आहे. पार्क चौकातून चार हुतात्मा पुतळ्यापाशी यायचे, पूनम गेटवरून सिद्धेश्वर मंदिराच्या दिशेने थोडे पुढे जायचे आणि सुट्टी संपायच्या आत परत फिरायचे, असा माझा रस्ता ठरलेला आहे.

मंगळवारी पूनम गेटसमोर धरणे चालू होते. तिथे बहुतेक दिवशी काही ना काही चालूच असते आणि इतके दिवस मी रस्ता ओलांडून पलीकडच्या बाजूने निघून जात असे, हे मला आधी कबूल केले पाहिजे. मंगळवारी पलीकडे गाड्या लागलेल्या असल्यामुळे मला अलीकडून, ताडपत्रीला अगदी खेटून जावे लागले. साठ-सत्तर माणसे बसली होती आणि त्यांत साठी ओलांडलेल्या बायकाच जास्त होत्या. डोक्यावर पदर, मांडीवर कापडी पिशवी, पिशवीत फडक्यात बांधलेली भाकरी. ध्वनिक्षेपकावर एक गृहस्थ आधी मराठीत आणि मग तेलुगूत बोलत होते. पेन्शन दरमहा हजार रुपये मिळते, ती साडेसात हजार करा आणि तिला महागाई भत्ता जोडा, एवढे मला समजले.

कडेला बसलेल्या एका आजींनी मला हात करून बोलावले. मी वाकले तेव्हा ‘चूडम्मा’ म्हणत त्यांनी आपल्या उजव्या हाताचा अंगठा माझ्या डोळ्यांसमोर धरला. अंगठ्याचे पेर पाण्याने घासलेल्या खड्यासारखे गुळगुळीत होते. त्यावर रेषा म्हणून दिसत नव्हती. तर्जनीचेही तसेच झाले होते आणि नखाची कड एका बाजूने झिजून तिरपी झाली होती. त्या पुढे बरेच बोलल्या, पण मला तेलुगू येत नाही. ‘अंगठा येत नाही, पेन्शन थांबली’ एवढेच मराठीतले शब्द माझ्या हाती लागले आणि तेवढ्यात घोषणा सुरू झाल्या. दोन वाजत आले होते. मी नुसती मान हलवली आणि निघाले. कुणीतरी हातात दिलेले पत्रक मात्र मी जपून आणले आहे.

त्या मान हलवण्याचे मला तीन दिवस वाईट वाटते आहे. त्या आजींना मी काय समजले असे वाटले असेल? म्हणून जाणकारांना विचारते. हजार रुपयांच्या पेन्शनचा हा प्रश्न नेमका काय आहे आणि अंगठ्याचा त्याच्याशी काय संबंध आहे? माझ्यासारख्या वाटेने जाणाऱ्या माणसाने अशा ठिकाणी थांबावे का, बसावे का, त्यात कायद्याची काही अडचण येते का? मी लांबून एक छायाचित्र काढले होते, ते ठेवणे योग्य आहे का, हेही सांगावे. आमच्या कार्यालयात विषय काढला तेव्हा ‘तिथे रोजचेच आहे’ एवढ्यावर तो संपला, म्हणून इथे लिहिते आहे.

उत्तर १ — पूर्वभाग_अशोकचौक

ताई, तुमचा प्रश्न वाचून मी रात्री उशिरा लिहायला बसले, कारण तो अंगठा माझ्या आईच्या हातावरही आहे. माझ्या आईने चाळीस वर्षे विड्या वळल्या. आमच्या पूर्व भागात घरटी एक तरी बाई या कामात होती. आजींना तुम्हाला काय सांगायचे असावे याचा मला पुष्कळ अंदाज आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी अंगठ्याचे सांगते. कारखान्यातून पाने आणि तंबाखू मोजून मिळतात. तेंदूची पाने रात्री भिजवून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवतात, म्हणजे सकाळी ती मऊ होतात आणि वळताना फाटत नाहीत. मग पत्र्याचा साचा पानावर ठेवून कात्रीने पान कापायचे, मांडीवरच्या सुपातून तंबाखूची चिमूट घ्यायची, पान अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये घट्ट वळायचे, टोक नखाने मुडपायचे आणि दोरा गुंडाळायचा. एका विडीला हे सगळे करायचे आणि दिवसाला हजार विड्या व्हायला हव्यात, कारण मजुरी हजारावर ठरते. पंचवीस-पंचवीसचे कट्टे बांधून कारखान्यात द्यायचे. तिथे खराब म्हणून ज्या विड्या बाजूला काढल्या जातात त्यांना छाट म्हणतात आणि त्यांची मजुरी मिळत नाही. प्रत्येक विडीमागे तेच पेर पानाच्या शिरेवर आणि दोऱ्यावर घासले जाते आणि त्यात तंबाखूची भुकटी मुरते. माझी आई मला शाळेसाठी वेणी घालायची तेव्हा तिच्या बोटांना केस अडकत नसत, इतकी ती गुळगुळीत झाली होती. लहानपणी मला ते छान वाटायचे.

आता पेन्शन. ही सरकारी नोकरांची पेन्शन नाही. भविष्य निर्वाह निधीच्या, म्हणजे आपण ज्याला फंड म्हणतो त्याच्या अंतर्गत १६ नोव्हेंबर १९९५ पासून कर्मचारी पेन्शन योजना सुरू झाली. तिलाच ईपीएस-९५ म्हणतात. विडी, गिरणी, यंत्रमाग, साखर कारखाना, एसटी महामंडळ, सहकारी बँका अशा अनेक ठिकाणचे निवृत्त लोक याच योजनेत येतात, त्यामुळे त्या ताडपत्रीवर तुम्हाला पुरुषही दिसले असतील. मालकाच्या वर्गणीतून पगाराच्या ८.३३ टक्के आणि केंद्र सरकारकडून १.१६ टक्के या पेन्शन निधीत जातात. बहुतेक उद्योगांत फंडाची वर्गणी १२ टक्के असते, विडी उद्योगात ती १० टक्के आहे. त्यामुळे मालकाच्या दहातील ८.३३ पेन्शनकडे गेल्यावर बाईच्या फंडाच्या खात्यात मालकाकडून १.६७ टक्केच उरतात. हा हिशेब तुम्ही हिशेबाचे काम करता म्हणून मुद्दाम देते. आमच्या आयांना तो कुणी कधी समजावून सांगितला नव्हता.

पेन्शन ठरवण्याची रीत अशी आहे की पेन्शनसाठी धरलेला सरासरी पगार गुणिले सेवेची वर्षे, भागिले ७०. किमान दहा वर्षांची सेवा लागते आणि पूर्ण पेन्शन वयाच्या ५८ व्या वर्षापासून मिळते. समजा एखाद्या बाईचा धरलेला पगार महिना ३,००० रुपये निघाला आणि सेवा १८ वर्षांची नोंदली गेली, तर गुणाकार ५४,००० होतो आणि त्याला ७० ने भागले की महिन्याला ७७१ रुपये येतात. अशा लोकांसाठी सप्टेंबर २०१४ पासून दरमहा १,००० रुपये ही किमान रक्कम ठरवण्यात आली. जो हजाराचा आकडा तुम्ही ऐकला तो हा. या पेन्शनला महागाई भत्ता नाही. सरकारी पेन्शनदाराची रक्कम महागाईबरोबर वर सरकते, ही जागची हलत नाही. तेल, गॅस, औषधे यांच्या किमती २०१४ मध्ये काय होत्या ते तुम्हीच आठवून पाहा. साडेसात हजार आणि भत्ता ही मागणी सोलापूरपुरती नाही. बुलढाण्यात तर पेन्शनधारकांनी याच मागणीसाठी वर्षानुवर्षे साखळी उपोषण चालवले आहे.

‘सेवा नोंदली गेली’ असे मी वर लिहिले, त्यात आमचे दुःख आहे. आई चाळीस वर्षे विड्या वळत होती, पण कागदावर तिची वर्षे त्याच्या निम्मीही नाहीत. काही काळ तिचे काम दुसऱ्या बाईच्या नावावर चालले, मध्ये कारखाना बदलला तेव्हा जुना हिशेब काढून घ्यायला लावला आणि काही वर्षे नोंद झालीच नाही. हे कुठल्या कारखान्यात झाले ते लिहून आता उपयोग नाही. पण हजार रुपये हातात घेताना तिला न मोजलेली वर्षे आठवतात, आणि ती ते बोलून दाखवते.

आता या दोन गोष्टी कुठे जुळतात ते सांगते. पेन्शन चालू राहण्यासाठी वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो. पूर्वी तो कागदावर सहीने होत असे, नंतर यंत्रावर बोट ठेवून आधारशी पडताळणी करण्याची पद्धत आली. ज्या बोटावर रेषा उरलेली नाही ते बोट यंत्र ओळखत नाही. दाखल्याची मुदत संपली की पेन्शन थांबते. बाई समोर जिवंत उभी असते, यंत्र चालवणारा मुलगा तिला मावशी म्हणून हाक मारतो, पण पडद्यावर पडताळणी अयशस्वी असे येते. मग पुन्हा हात धू, तेल लाव, दुसरे बोट दे. माझी आई एका वर्षी तीन वेगवेगळ्या केंद्रांवर जाऊन आली आणि रिक्षालाच तिचे दोनशे रुपये गेले.

यावर उपाय आहे आणि तो फार जणींना माहीत नाही, म्हणून हे वाचणाऱ्या प्रत्येकाला सांगते. जुलै २०२२ पासून फंडाच्या पेन्शनधारकांना चेहरा दाखवून दाखला देता येतो. साध्या अँड्रॉइड मोबाइलवर ‘जीवन प्रमाण’ आणि ‘आधार फेस आरडी’ ही दोन ॲप घ्यावी लागतात. आधार क्रमांक, पेन्शनचा पीपीओ (म्हणजे पेन्शन मंजुरीच्या आदेशाचा) क्रमांक, बँकेचे खाते आणि ओटीपी येण्यासाठी एक चालू मोबाइल, एवढे जवळ असले की घरबसल्या काम होते. नोव्हेंबरचीही सक्ती नाही. फंडाच्या पेन्शनधारकाला वर्षात कधीही दाखला देता येतो आणि तो दिल्या दिवसापासून वर्षभर चालतो. थांबलेली पेन्शन दाखला पोचल्यावर मागच्या बाकीसह सुरू होते. त्या आजींचा पत्ता लागला तर मला सांगा, भाषेसाठी मी येते.

उत्तर २ — काळा_कोट_सोलापूर

कायद्यापुरते मी लिहितो. निःशस्त्र राहून शांततेने एकत्र जमण्याचा हक्क राज्यघटनेच्या अनुच्छेद १९(१)(ब) मध्ये आहे आणि सार्वजनिक सुव्यवस्थेसाठी त्यावर वाजवी निर्बंध घालता येतात, हे त्याच अनुच्छेदाच्या तिसऱ्या खंडात आहे. सोलापूर शहरासाठी पोलीस आयुक्तालय असल्यामुळे आपल्याकडे बंदी आदेश बहुधा महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ खाली निघतात. वृत्तपत्रात ‘शहरात जमावबंदी’ असे शीर्षक पाहून लोक घाबरतात, परंतु त्या आदेशाचा व्यवहारातला अर्थ असा असतो की पाच किंवा अधिक जणांनी पूर्वपरवानगीशिवाय सभा, मोर्चा अथवा आंदोलन करू नये. राज्य शासनाच्या मंजुरीशिवाय असा आदेश पंधरा दिवसांपेक्षा जास्त टिकत नाही, म्हणून तो पुन्हा पुन्हा निघताना दिसतो. पूर्वीचे १४४ कलम आता १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत १६३ झाले आहे.

परवानगी आयोजकांनी काढायची असते. रीतसर परवानगी घेऊन चाललेल्या धरण्याजवळ पादचाऱ्याने उभे राहणे, पत्रक घेणे, ताडपत्रीवर बसून दहा मिनिटे ऐकणे यात कोणताही गुन्हा नाही. पोलिसांनी जमाव पांगवण्याचा आदेश दिला तर मात्र तत्काळ निघून जावे. अशा आदेशानंतर जाणूनबुजून थांबणे हा गुन्हा होऊ शकतो आणि तेव्हा ‘मी फक्त पाहत होतो’ हे सिद्ध करत बसावे लागते. आपण खासगी नोकरीत आहात, त्यामुळे पुढचे आपल्याला लागू नाही, पण हे वाचणारे शासकीय कर्मचारी असतील तर त्यांनी सहभागी होण्यापूर्वी महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ पाहावेत.

वरच्या उत्तराला एक जोड देतो. भविष्य निर्वाह निधीचा कायदा विडी उद्योगाला १९७७ मध्ये लागू झाला तेव्हा, घरी बसून विड्या वळणाऱ्या बायका आमच्या कामगारच नाहीत, अशी भूमिका मालकांनी घेतली होती. हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९८५ मध्ये न्यायालयाने निकाल दिला की घरी काम करणारी विडी कामगारही या कायद्याखाली कर्मचारीच आहे, कारण तिची विडी स्वीकारायची की नाकारायची यावर मालकाचे नियंत्रण असते. म्हणजे ज्या छाटीमध्ये बायकांची मजुरी जात होती, त्या छाटीच्या अधिकारावरूनच त्यांचे कामगारपण शाबीत झाले. मी वकिली सुरू केली तेव्हा हा निकाल वाचला आणि आजही तो मला फार मोलाचा वाटतो.

उत्तर ३ — बाजारपेठ_दुकान

मी दुकानदार आहे आणि माझे म्हणणे थोडे वेगळे आहे, ते राग न मानता ऐकावे. कन्ना चौकातून किंवा चार पुतळ्यापासून मोठा मोर्चा निघतो तेव्हा दीड-दोन तास रस्ता अडतो. दोन वर्षांपूर्वी माझ्या वडिलांना छातीत दुखू लागले म्हणून रुग्णालयात नेत होतो आणि आमची रिक्षा मोर्चामागे अडकली. मोर्चातल्याच दोन तरुणांनी पुढे धावत जाऊन वाट करून दिली आणि वडील वाचले, पण ती वीस मिनिटे मी विसरू शकत नाही. रस्ता रिकामा ठेवून आंदोलन करा, रुग्णासाठी एक बाजू मोकळी ठेवा, इतके सांगण्याचा हक्क आमच्यासारख्यांनाही असावा. तुम्ही सांगता तसे कडेला ताडपत्री टाकून बसलेल्यांबद्दल मात्र माझी तक्रार नाही. हजार रुपयांत महिना कसा काढायचा, हे माझ्या दुकानात उधारीवर तांदूळ नेणाऱ्या दोन म्हाताऱ्यांकडे पाहून मला माहीत आहे.

उत्तर २ ची पुरवणी — काळा_कोट_सोलापूर

दुकानदार बंधूंचा मुद्दा रास्त आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये दिल्लीतील शाहीनबागेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की निषेधाचा हक्क आहे, परंतु सार्वजनिक रस्ता बेमुदत अडवून ठेवता येणार नाही आणि आंदोलने नेमून दिलेल्या जागी व्हावीत. आपल्याकडे पूनम गेटसमोरची जागा त्या कामासाठी रूढ झाली आहे आणि सरकारी कचेऱ्या हाकेच्या अंतरावर असल्याने निवेदन द्यायलाही ती सोयीची आहे. पण जागा ठरून गेली की येणाऱ्या-जाणाऱ्यांना ती दिसेनाशी होते, हा त्याचा दुसरा परिणाम आहे. प्रश्न विचारणाऱ्या भगिनी दोन वर्षे रस्ता ओलांडून जात होत्या, असे त्यांनीच लिहिले आहे; मीही न्यायालयात जाता-येता तेच करत आलो.

उत्तर ४ — निवृत्त_इतिहास_शिक्षक

आपण रोज ज्या चार पुतळ्यांपाशी येता, त्यांच्याविषयी दोन शब्द लिहिल्यावाचून राहवत नाही, कारण सोलापुरातले बहुतेक मोर्चे तिथून का निघतात याचे कारण त्यात आहे.

६ एप्रिल १९३० रोजी सोलापूर नगरपालिकेच्या इमारतीवर तिरंगा फडकला. ५ मे रोजी गांधीजींना अटक झाल्याची बातमी आली, गिरण्या बंद पडल्या आणि कामगार रस्त्यावर आले. ८ मे रोजी गोळीबार झाला, त्यात शंकर शिवदारे हे तरुण हुतात्मा झाले. पुढचे काही दिवस शहरात इंग्रजांचा अंमल जवळजवळ उरला नाही आणि १२ मे रोजी मार्शल लॉ पुकारला गेला. तो जूनअखेरपर्यंत राहिला. त्या काळात राष्ट्रध्वज हाती धरल्याबद्दलही लोकांना शिक्षा झाल्या. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली. कुर्बान हुसेन पत्रकार होते आणि गिरणी कामगारांमध्ये त्यांचे काम होते. फाशी गेले तेव्हा ते ऐन विशीत होते.

मी पस्तीस वर्षे मुलांना दर १२ जानेवारीला तिथे घेऊन जात असे. एका वर्षी शेजारून विडी कामगार बायकांचा मोर्चा चालला होता आणि मुलांचे लक्ष तिकडे गेले म्हणून मी त्यांना रागावलो, पुतळ्यांकडे पाहा म्हणालो. त्या मुलांपैकी किमान दहा जणांच्या आया त्या मोर्चात होत्या, हे मला नंतर वर्गात कळले. आपला प्रश्न वाचताना मला ती दुपार आठवली.

उत्तर ५ — जुना_कॅमेरा

छायाचित्राबद्दल थोडक्यात लिहितो. मी बरीच वर्षे वृत्तपत्रासाठी छायाचित्रे काढली. सार्वजनिक जागी चाललेल्या आंदोलनाचे छायाचित्र काढायला मनाई नाही आणि आंदोलकांना ते हवेच असते. पण लांबून काढलेल्या चित्रात गर्दी दिसते, माणूस दिसत नाही; आणि जवळून एकाच बाईचे काढायचे असेल तर तिला विचारून काढावे, काढलेले तिला दाखवावे. आपण त्या आजींच्या अंगठ्याचे छायाचित्र न काढता तो डोळ्यांनी पाहिलात, हे मला बरे वाटले. आधार कार्ड, पासबुक, पीपीओचा कागद हातात धरलेला असेल तर ते चित्र समाजमाध्यमावर मुळीच टाकू नये. त्यावरचे आकडे वाचून म्हाताऱ्या माणसांची फसवणूक होते.

प्रश्नकर्तीचे उत्तर — नवीपेठ_दीड_वाजता

सर्वांचे मनापासून आभार. लांबून काढलेले छायाचित्र मी पुसून टाकले. पत्रकावर दिलेल्या क्रमांकावर फोन केला, त्यांनी वर्णनावरून आजींना ओळखले आणि रविवारी सकाळी मी आणि ‘पूर्वभाग’ ताई त्यांच्या घरी गेलो.

आजींना मी आठवत होते. त्या दिवशी त्या काय म्हणाल्या होत्या ते ताईंनी मला उलगडून सांगितले. त्यांनी मदत मागितलीच नव्हती. ‘माझा अंगठा बघ, आणि सरकारात कुणी ओळखीचे असेल तर त्यांना सांग की अंगठा कामाने गेला, मी लबाडी करत नाही,’ असे त्यांचे म्हणणे होते. एका केंद्रावरच्या माणसाने त्यांना ‘दुसऱ्याच्या नावावर आला नाहीत ना?’ असे विचारले होते आणि पेन्शन थांबल्यापेक्षा तेच त्यांच्या मनाला लागले होते.

दाखला मोबाइलवर करायला आम्हाला पाऊण तास लागला. घरात उजेड कमी असल्यामुळे पहिल्यांदा चेहरा घेतला गेला नाही, दुसऱ्यांदा त्यांनी पदर सारखा करताना मान हलवली. मग आम्ही दारात पाट टाकून त्यांना उजेडाकडे तोंड करून बसवले, पापणी मिटून उघडा म्हणून ताईंनी तेलुगूत सांगितले आणि तिसऱ्यांदा हिरवे वर्तुळ पूर्ण झाले. दाखल्याचा क्रमांक आला तो मी त्यांच्या पासबुकाच्या मागच्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहून दिला. त्यांनी चहा केला, शेंगाची चटणी आणि भाकरी बांधून दिली आणि शेजारच्या तिघींना हाका मारल्या. त्यांपैकी दोघींचे काम तिथेच झाले.

सोमवारी मधल्या सुट्टीत गेटसमोर दुसरेच धरणे होते, ते यंत्रमाग कामगारांचे होते. मी दहा मिनिटे थांबले, पत्रक मागून घेतले आणि वाचून काय समजले नाही ते तिथल्या एका गृहस्थांना विचारले. त्यांनी बसायला जागा करून दिली. दुकानदार दादांसाठी सांगते, रस्ता पूर्ण मोकळा होता.

आता एक अडचण राहिली आहे. रविवारच्या तिसऱ्या बाईंचे आधारवर सासरचे नाव आहे आणि पीपीओवर माहेरचे, तेही तेलुगू नाव मराठीत लिहिताना एक अक्षर चुकलेले. त्यामुळे पडताळणी पुढे सरकत नाही. ज्या कारखान्यात त्या होत्या तो बंद होऊन बरीच वर्षे झाली आहेत, तेव्हा मालकाची सही कुठून आणायची हा प्रश्न आहे. वकील साहेब, अशा वेळी नावदुरुस्तीसाठी कोणते कागद पुरतात आणि अर्ज कसा लिहावा, हे कृपया सांगाल का? पुढच्या रविवारी सकाळी दहा वाजता आम्ही दोघी पुन्हा तिकडे जाणार आहोत. त्याआधी कळले तर अर्ज लिहूनच नेता येईल.